गुडघ्याचा निर्णय एमआरआयच्या कागदावर सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळाच्या पानावर गुडघ्याची बातमी येते तेव्हा तिचा साचा ठरलेला असतो: लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) तुटले, शस्त्रक्रिया झाली, ६ महिन्यांत मैदानावर. त्या खेळाडूपुरती ती खरीही असेल. पण घरी गुडघा धरून बसलेला वाचक तिच्यावरूनच आपला हिशेब मांडतो. लागले की एमआरआय काढायचा, रिपोर्टात ‘टेअर’, म्हणजे फाटले, असे लिहिले असेल तर ऑपरेशन करायचे, आणि ऑपरेशन झाले की प्रश्न मिटला. गुडघ्याच्या दुखापती आणि त्यानंतरचे व्यायाम हेच आमचे रोजचे काम, म्हणून हा हिशेब कुठे चुकतो ते जरा तपशिलाने लिहीत आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की मोजके तातडीचे प्रकार सोडले तर गुडघ्याचा निर्णय पहिल्या आठवड्यात घ्यायचा नसतो, आणि नुसता रिपोर्ट वाचून तर मुळीच नाही.

आधी ते तातडीचे प्रकार. दुखापतीनंतर पाऊल गार, पांढुरके किंवा बधिर पडले तर गुडघ्यामागून जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. तेव्हा थेट रुग्णालय गाठायचे. तिथे वेळ तासांत मोजली जाते. सांधा निखळून आपोआप जागेवर बसलेला असू शकतो, त्यामुळे ‘आता सरळ दिसतोय’ यावर विसंबता येत नाही. दुसरा प्रकार फार वेळा नजरेतून सुटतो. उताणे झोपून, गुडघा ताठ ठेवून टाच अंथरुणावरून उचलून पाहा. दुखल्यामुळे जड जाणे वेगळे आणि टाच मुळीच न उचलली जाणे वेगळे. टाच हलत नसेल तर वाटीच्या वरचा किंवा खालचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तुटल्याचा संशय घ्यावा लागतो. असा कंडरा पहिल्या २-३ आठवड्यांत शिवला तर नीट जुळतो. पुढे स्नायू आखडतो, टोके लांब जातात आणि शिवण अवघड होते. सुजेमुळे तुटलेल्या जागेचा खळगा झाकला जातो, ‘मुका मार आहे’ म्हणून पट्टा बांधला जातो आणि हे आठवडे हातचे जातात. तिसरा प्रकार अडकलेल्या गुडघ्याचा: एका कोनापुढे तो सरळच होत नाही, आत काहीतरी आडवे आल्यासारखे वाटते. दोन हाडांमधल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा, फाटलेला मोठा पदर सांध्याच्या मध्ये आला की असे होते. चौथा, गुडघा गरम, सुजलेला, सोबत ताप. तिथे सांध्यात जंतुसंसर्ग आहे असे धरूनच तपासणी करावी लागते, मग दुखापत झालेली असो वा नसो.

हाड मोडले आहे का, याचा एक्स-रे कोणाला लागतो हे ठरवायला ओटावा नियम वापरले जातात, आणि ते घरच्यांनीही लक्षात ठेवण्याइतके सोपे आहेत. वय ५५ किंवा अधिक, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणे, गुडघा ९० अंशांपर्यंत न वाकणे, किंवा लागल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही ४ पावले टाकता न येणे. लंगडत टाकलेले पाऊलही मोजायचे. यातले एक जरी लागू पडले तरी एक्स-रे काढावा.

बाकीच्यांनी त्याच दिवशी तीन गोष्टी कागदावर टिपून ठेवाव्यात, कारण आठवड्याने आठवणीत घोळ होतो. पाय कसा वळला, ‘कट्’ असा आवाज आला किंवा जाणवला का, आणि सूज किती वेळात आली. यातला तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. तासा-दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा फुगला तर आत बहुधा रक्त साठले आहे, आणि अशा गुडघ्यांत पुढचे क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटल्याचे प्रमाण मोठे असते. रात्री ठीक होता आणि सकाळी उठल्यावर भरलेला दिसला, तर ते बहुतेक वेळा सांध्यातले पाणी असते, आणि संशय आधी गादीवर जातो. सुई लावून काढलेल्या रक्तावर तेलाचे थेंब तरंगताना दिसले तर आत कुठेतरी हाडाला तडा आहे असे समजतात. एमआरआयच्या आधी एवढी माहिती फुकट मिळते, पण ती विचारायला आणि सांगायला दोन्ही बाजूंना घाई असते.

पहिले ३-४ दिवस शेक नको, मालिश नको, आणि कोणाकडूनही गुडघा ‘बसवून’ घेणे तर नकोच. बर्फ पातळ कापडात गुंडाळून १५ मिनिटे ठेवावा, २-३ तासांनी पुन्हा. त्याने दुखणे कमी होते, फाटलेले काही जुळत नाही. क्रेप बँडेज पोटरीच्या मध्यापासून सुरू करून मांडीच्या मध्यापर्यंत वर न्यावे. फक्त गुडघ्यावरच आवळले तर खालचा पाय सुजतो. झोपताना बँडेज सैल करावे. आता इथे एक गोष्ट जरा ठासून सांगावीशी वाटते: गुडघ्याखाली उशी ठेवू नका. सुजलेला सांधा थोडा वाकलेला असताना त्याला आराम वाटतो, म्हणून घरोघरी नेमकी तिथेच उशी जाते, आणि दोन आठवड्यांत गुडघा शेवटचे ५-१० अंश सरळ होईनासा होतो. उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याची मागची बाजू अधांतरी राहू द्या. अडकलेला गुडघा मात्र असा जोर लावून सरळ करायचा नाही.

कुबडीची वरची कड काखेच्या २-३ बोटे खाली असावी आणि भार तळहातांवर यावा. काखेत टेकून लोंबकळले की हाताला मुंग्या येऊ लागतात. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मांडीच्या पुढच्या स्नायूचे काम पहिल्या दिवसापासूनच सुरू करायचे, कारण सांध्यात सूज असली की मेंदू तो स्नायू अक्षरशः बंद ठेवतो आणि मांडी बघता बघता बारीक होते. त्यासाठी पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवा, ती खाली दाबत वाटी मांडीकडे ओढली जाते का पाहा. ५ सेकंद धरायचे, सोडायचे, १० वेळा. दिवसातून ४-५ दा. वाटी जागची हलत नसेल तर व्यायाम होतच नाही, नुसता पाय ताठ होतो.

डॉक्टरांच्या हाताने केलेली तपासणी एमआरआयपेक्षा कमी दर्जाची असते असा समज पसरला आहे. एसीएलसाठी गुडघा २०-३० अंश वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात. सवयीच्या हाताला त्यातून बरेच कळते. अडचण अशी, की ताज्या दुखापतीत रुग्ण स्नायू आवळून धरतो आणि चाचणी खोटी उतरते. म्हणून पहिल्या दिवशी ‘काही नाही’ असे निघाले तरी ७-१० दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. एमआरआय तेव्हाच उपयोगी, जेव्हा त्याच्या उत्तराने उपचार बदलणार असतो: गुडघा अडकला आहे, सांधा ढिला वाटतो, काही आठवड्यांनीही सूज हटत नाही, किंवा शस्त्रक्रियेची आखणी करायची आहे.

रिपोर्ट हातात आला की लोक पहिला शब्द शोधतात तो ‘ग्रेड’. मेनिस्कसच्या बाबतीत ग्रेड १ आणि ग्रेड २ म्हणजे गादीच्या आत दिसणारा पांढुरका डाग. तो पृष्ठभागापर्यंत पोचत नाही, आणि त्याला फाटणे म्हणत नाहीत. पृष्ठभागाला भिडणारा तो ग्रेड ३. लिगामेंटचे ग्रेड वेगळे, कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचे, आणखी वेगळे. एकाचा आकडा दुसऱ्याला लावून घाबरण्यात अर्थ नाही. ‘डीजनरेटिव्ह’, ‘हॉरिझॉन्टल’ हे शब्द बहुधा वयाबरोबर झालेली झीज सांगतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचा उजवा गुडघा, दुखत असो वा नसो, एमआरआयने पाहिला गेला; २००८ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ३५ टक्के लोकांच्या त्या गुडघ्यात मेनिस्कस फाटलेला किंवा झिजून नष्ट झालेला होता, आणि त्यांतल्या ६१ टक्क्यांना आदल्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. तेव्हा पन्नाशीनंतर रिपोर्टात ‘टेअर’ सापडणे हे दुखण्याचे कारण असेलच असे नाही.

याच झिजलेल्या गादीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली जाते. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांवर त्याची कसून परीक्षा झाली. अर्ध्यांची फाटलेली गादी कापली, अर्ध्यांच्या गुडघ्यात दुर्बिणीने फक्त पाहून शस्त्रक्रियेचा देखावा केला, आणि कोणाला काय केले हे रुग्णांना कळू दिले नाही. १२ महिन्यांनंतर दोन्ही गट सारखेच होते. हे २०१३ चे. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील तज्ज्ञगटाने झिजेच्या जवळपास सर्वच गुडघ्यांत दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली. तरीही ‘आत थोडी साफसफाई करून घेऊ’ हे वाक्य ऐकू येतेच. गादी ही वजन पसरवणारी असते. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही आणि उरलेल्या कूर्चेवरचा दाब वाढतो. संपूर्ण गादी काढलेल्या गुडघ्यांत पुढे एक्स-रेवर कोणते बदल दिसतात, याचे वर्णन १९४८ सालीच झाले होते.

पण ‘गादीचे ऑपरेशन नकोच’ असाही याचा अर्थ कोणी घेऊ नये. तरुण माणसाची, खेळताना पीळ पडून उभी फाटलेली गादी हा वेगळा विषय आहे. गादीच्या बाहेरच्या कडेकडील साधारण एक-तृतीयांश भागालाच रक्तपुरवठा असतो. फाट तिथे असेल तर टाके घालून ती जुळू शकते, आणि ते काम लवकर झालेले बरे. आणखी एक फसवा प्रकार आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या व्यक्तीला खाली बसताना किंवा पायरी उतरताना गुडघ्यामागे ‘टक्’ होते, जोराची कळ येते, सूज फारशी नसते. गादीचे मूळ, म्हणजे हाडाला धरून ठेवणारे टोक, सुटलेले असू शकते. मूळ सुटले की गादी बाजूला सरकते आणि असून नसल्यासारखी होते. रिपोर्टात ‘रूट टेअर’ किंवा ‘एक्स्ट्रूजन’ हे शब्द असतील तर झिजेचा सल्ला तसाच लावू नये, गुडघ्याच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनला विनाविलंब दाखवावे. कूर्चा शाबूत असेल तर ते मूळ पुन्हा बसवण्याचा विचार होतो.

एसीएलचा निर्णय सर्वांत अवघड, आणि त्यावर मते इकडची तिकडे होतात. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळणाऱ्या, पण व्यावसायिक खेळाडू नसलेल्या रुग्णांचे दोन गट केले गेले: एकाला लगेच शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी पद्धतशीर व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. २०१० मध्ये दोन वर्षांचे निष्कर्ष आले. गुडघ्याच्या कामात फरक दिसला नाही. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा व्यायामाच्या गटातल्या ५१ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, म्हणजे जवळपास निम्म्यांना ती लागलीच नाही. ही एक बाजू. दुसरी बाजू ब्रिटनमधल्या ३१६ रुग्णांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीची. तिथे दुखापत जुनी होती आणि गुडघा सटकत होता. अशांमध्ये शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. ताज्या दुखापतीत व्यायामाला संधी देण्यासारखी असते. महिनोन्‌महिने गुडघा दगा देत असेल तर नुसते थांबून राहणे बरोबर नाही.

म्हणून खरा प्रश्न ‘तुटले आहे का’ हा नसून ‘सटकतो का’ हा आहे. ३ महिने नीट व्यायाम केल्यावरही जिन्यात, वळताना, अंगणात चालताना गुडघा निसटत असेल तर शस्त्रक्रियेकडे वळावे, कारण प्रत्येक निसटण्यात गादी फाटण्याचा धोका असतो. अचानक थांबून दिशा बदलण्याचे खेळ ज्याला सोडायचे नाहीत, ज्याच्या गादीलाही टाके घालायचे आहेत, किंवा ज्याची एकाहून अधिक लिगामेंट तुटली आहेत, त्याचा कौल लवकर शस्त्रक्रियेकडे झुकतो. सायकल, पोहणे, सरळ चालणे एवढेच ज्याला हवे आहे, त्याला बऱ्याचदा तुटलेल्या एसीएलसह नीट जगता येते. वय हा निकष त्या मानाने दुय्यम. आतल्या बाजूचे लिगामेंट एकटेच ताणले किंवा अर्धवट फाटले असेल तर ते ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) आणि व्यायामाने जुळते. त्यासाठी कापाकापी लागत नाही. वाटी पहिल्यांदाच निखळली असेल आणि आत हाडाचा-कूर्चेचा सुटा तुकडा नसेल, तर तिथेही आधी व्यायाम. वाढत्या वयातल्या मुलांचे गणित निराळे, कारण हाडांची वाढ होणारी टोके सांभाळावी लागतात. आणि मूल गुडघा दुखतो म्हणत असेल, गुडघ्यात मात्र काही सापडत नसेल, तर खुबा तपासल्याशिवाय घरी पाठवू नये. खुब्याचे दुखणे मुले गुडघ्यावर बोट ठेवून सांगतात.

‘व्यायाम करून पाहिला, फरक नाही’ हे वाक्य आम्ही सर्वाधिक ऐकतो. विचारले तर कळते की १० दिवस मशीनचा शेक झाला आणि झोपून पाय उचलला. हा उपचार झालाच नाही. ताकद वाढायला किमान १२ आठवडे लागतात, आठवड्यातून २-३ दिवस, प्रत्येक व्यायामाचे ३ संच, एका संचात ८ ते १२ वेळा, आणि शेवटच्या दोन वेळा खरोखर जड गेल्या पाहिजेत. सोप्या वाटू लागल्या की वजन वाढवायचे. सुरुवातीला खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, मग १५-२० सेंटिमीटरच्या पायरीवर दुखऱ्या पायाने चढणे आणि सावकाश उतरणे, उताणे झोपून कंबर उचलण्याचा पूल, आधी दोन पायांवर, मग एकावर, टाचा उचलणे, एका पायावर तोल. चढताना गुडघा आत कलत असेल तर पायरी कमी करा, आरशासमोर करा. स्थिर सायकल गुडघा सुमारे ११० अंश वाकू लागला की जमते, सीट उंच ठेवून.

किती दुखले तर चालते? शून्य ते दहाच्या मापात ३-४ पर्यंतचे दुखणे व्यायामादरम्यान चालते, दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आले पाहिजे. सूज मापता येते: रोज सकाळी, पाय सरळ ठेवून, वाटीच्या मध्यावरून टेप फिरवा. आदल्या दिवसापेक्षा १ सेंटिमीटर किंवा अधिक वाढ म्हणजे काल जास्त झाले. पुढची खेप निम्म्यावर आणा, बंद करू नका. व्यायाम फसतो तो बहुधा दोनच प्रकारे: दुखेल या भीतीने कधी जड केलाच नाही, किंवा बरे वाटले म्हणून पाचव्या आठवड्यातच सोडला.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात. झिजेच्या गुडघ्यात दर ३ महिन्यांनी, दोन वर्षे स्टेरॉइड देऊन पाहिलेल्या २०१७ मधील चाचणीत दुखणे खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनइतकेच कमी झाले आणि कूर्चा मात्र जास्त झिजली. पीआरपीची, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाच्या इंजेक्शनची, २८८ रुग्णांवरील ऑस्ट्रेलियातील चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही खाऱ्या पाण्यापेक्षा सरसपणा दिसला नाही. एखादे स्टेरॉइड इंजेक्शन फार ठणकणाऱ्या गुडघ्याला व्यायाम सुरू करण्यापुरती उसंत देते, तेवढ्यासाठी ठीक.

शस्त्रक्रिया ठरलीच तर सुजलेला, आखडलेला गुडघा घेऊन टेबलावर जाऊ नका. अडकलेला गुडघा वगळता, आधी तो पूर्ण सरळ व्हावा, सूज उतरावी, लंगडणे जावे. नाहीतर आत व्रण धरून सांधा कायमचा ताठर होण्याचा धोका वाढतो. एसीएलच्या जागी बसवायचे नवे लिगामेंट मांडीमागच्या कंडऱ्यांतून, वाटीखालच्या कंडऱ्यातून किंवा वाटीवरच्या कंडऱ्यातून घेतात. वाटीखालून घेतल्यास गुडघ्यावर टेकताना बराच काळ दुखते, हे ज्याला कामासाठी जमिनीवर टेकावे लागते त्याने आधीच सांगावे. पेरलेला कंडरा पहिल्या काही महिन्यांत नाजूक होतो आणि नेमके तेव्हाच रुग्णाला बरे वाटू लागते. २०१६ च्या एका अभ्यासात खेळात परतणे ९ महिन्यांपर्यंत जितके लांबवले, तितकी प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता सुमारे निम्म्याने घटली. कॅलेंडरसोबत ताकदही मोजली पाहिजे: ऑपरेशन झालेल्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के. ऑपरेशननंतर पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

भेटीला जाताना सर्जनला विचारा: ३ महिने थांबलो तर नेमके काय बिघडेल? गादी शिवणार की कापणार, आणि आत गेल्यावर बेत बदलला तर कोणत्या कारणाने? नंतरचा व्यायाम कोण करून घेणार आणि किती महिने? दुसरे मत घ्यायचे असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयची सीडी किंवा फिल्म आणि दुखापतीच्या दिवशी टिपलेला तो कागद न्या. पहिल्या डॉक्टरांनी काय सुचवले ते दुसऱ्यांची तपासणी संपल्यावर सांगा.

आपले,
गुडघ्याच्या पुनर्वसनाचे काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट वाचक